पावसाचा सामू: तो आम्लधर्मी का असतो, कसा मोजायचा आणि आकडा कसा वाचायचा

शुद्ध पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ असतो हे शाळेत पाठ झालेलं असतं. म्हणून पावसाच्या पाण्यात मीटर बुडवल्यावर ५.४ दिसलं की पहिली शंका येते ती मीटर बिघडल्याची आणि दुसरी हवा बिघडल्याची. बऱ्याचदा दोन्ही शंका खोट्या असतात. उलट ६.८ दिसलं की पाऊस स्वच्छ आहे असं समजून माणूस निर्धास्त होतो, आणि खरी फसगत तिथेच होते. पावसाचा सामू ही जमाखर्चाच्या वहीतली शेवटची शिल्लक आहे. हवेतून आम्लं किती आली आणि त्यांना मारायला आम्लारी किती आली, हे नुसत्या शिलकीवरून कळत नाही. म्हणून आधी वहीच्या दोन्ही बाजू बघू आणि मग मोजायला बसू.

कार्बन डायऑक्साइड: सगळीकडे हजर, पण किरकोळ

सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. ७ ला लिटरमागे ०.१ मायक्रोमोल, ६ ला १, ५ ला १० आणि ४ ला १००. (मोल हे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं माप, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग.) हे चार आकडे लक्षात ठेवावेत. सामूऐवजी मायक्रोमोलमध्ये विचार करायची सवय लागली की निम्मे घोळ टळतात.

हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, आहे. तो थेंबात विरघळतो, त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं आणि त्यातलं थोडंसं फुटून हायड्रोजन आयन सुटतात. २५ अंश सेल्सिअसला हिशेब सोपा आहे: विरघळण्याचा स्थिरांक ०.०३४, आम्लाचा पहिला विघटन स्थिरांक दहा लाखांश भागाचा ०.४४५ पट आणि वायूचा दाब ०.०००४२ वातावरण. तिघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की लिटरमागे २.५ मायक्रोमोल येतात, म्हणजे सामू ५.६. पुस्तकांत छापलेला ‘नैसर्गिक पावसाचा सामू’ तो हाच.

यात वर्गमूळ आहे हे विसरू नये. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएम होता, तेव्हा हाच हिशेब ५.७ देतो. वायू दीडपट झाला आणि पावसाचा सामू जेमतेम ०.१ ने उतरला. तापमानवाढीतला मुख्य आरोपी आम्लवर्षेच्या खटल्यात जवळजवळ निर्दोष सुटतो. दोन्ही प्रश्न धुराचेच असल्यामुळे ते एकमेकांत मिसळले जातात, पण त्यांची रसायनं वेगळी आहेत.

आणि ५.६ ही काही लक्ष्मणरेषा नाही. समुद्रातल्या प्लवकांपासून निघणारा डायमिथाइल सल्फाइड, ज्वालामुखी, विजेच्या कडकडाटात तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, झाडांपासून येणारी फॉर्मिक आणि अ‍ॅसेटिक आम्लं या सगळ्यांमुळे कारखान्यांपासून हजारो किलोमीटर दूरच्या बेटांवरही ५ च्या आसपासचा पाऊस पडतो. तेव्हा ५ ते ५.६ या पट्ट्यातल्या एकाच मोजणीवरून प्रदूषण सिद्ध होत नाही. पुन्हापुन्हा ४.५ च्या खाली येत असेल तर मात्र कुठेतरी गंधक किंवा नायट्रोजन जळतो आहे असं धरून चालायला हरकत नाही.

गंधक आणि नायट्रोजन

सल्फर डायऑक्साइड पाण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ३५ पट विरघळतो आणि विरघळल्यावर होणारं आम्ल जवळजवळ ३०,००० पट तीव्र असतं. त्यामुळे अब्जात एक भाग, म्हणजे १ पीपीबी, इतका वायूही थेंबाला ५.३ पर्यंत ओढतो. पण ही नुसती सुरुवात. ढगाच्या थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइड असतो. तो विरघळलेल्या सल्फर डायऑक्साइडचं पटापट सल्फ्युरिक आम्ल करतो आणि रिकाम्या झालेल्या जागी आणखी वायू आत शिरतो. ओझोनही हेच काम करतो, पण थेंब फार आम्लधर्मी झाला की त्याचा वेग पडतो. पेरॉक्साइडला ती अडचण नाही, म्हणून थेंब ४ च्या घरात गेल्यावरही क्रिया थांबत नाही. ढगाबाहेर, कोरड्या हवेत, सूर्यप्रकाशात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक हेच ऑक्सिडीकरण संथपणे करत राहतात. त्याला दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात वारा वायूला शेकडो किलोमीटर घेऊन जातो.

नायट्रोजनची चाल वेगळी. नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसे विरघळतच नाहीत. त्यांचं आधी हवेत नायट्रिक आम्ल व्हावं लागतं: दिवसा हायड्रॉक्सिल मूलकांकडून, रात्री ओझोनच्या वाटेने डायनायट्रोजन पेंटॉक्साइड तयार होऊन. नायट्रिक आम्ल एकदा झालं की मात्र पहिल्याच सरीत उतरतं. आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. गंधक इंधनातून येतो, पण नायट्रोजन बहुतांशी हवेतलाच असतो आणि ज्योतीच्या उष्णतेने ऑक्सिजनशी जोडला जातो. इंधनातून गंधक काढला म्हणून नायट्रिक आम्ल कमी होत नाही. त्यासाठी ज्योतीचं तापमान, हवेचं प्रमाण आणि धुराच्या नळीतला उत्प्रेरक यांकडे बघावं लागतं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. १ टक्का गंधक असलेला १ टन कोळसा घ्या. त्यात १० किलो गंधक, त्याचा २० किलो सल्फर डायऑक्साइड आणि त्याचं साधारण ३० किलो सल्फ्युरिक आम्ल. यातून ६२५ मोल हायड्रोजन आयन मिळतात. सगळं आम्ल पावसात उतरलं आणि वाटेत त्याला मारणारं काही भेटलं नाही असं धरलं, तर ६२.५ लाख लिटर पाणी ४ सामूला जाईल. म्हणजे ६० हेक्टरांहून जास्त जमिनीवर पडलेला १० मिलिमीटर पाऊस. हे एक टन कोळशाचं झालं.

कोळशाचा धूर आणि आम्लधर्मी पाऊस यांचा संबंध रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने १८५२ मध्ये मँचेस्टरमध्ये दाखवला होता. तरी पुढची शंभर वर्षं या प्रश्नाला गावापुरता धुराचा त्रास समजलं गेलं आणि उपाय म्हणून चिमण्या उंच होत गेल्या. कॅनडातल्या सडबरीच्या निकेल-तांब्याच्या भट्टीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३८१ मीटरची चिमणी बसली. उंच चिमणीने गावची हवा सुधारते, पण गंधक तेवढाच राहतो. तो फक्त लांब जाऊन पडतो. स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हेच मांडलं: स्कँडिनेव्हियातली तळी ज्या आम्लाने मरत होती, त्यातलं बरंचसं दुसऱ्या देशांच्या धुरातून आलेलं होतं. त्यातून देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या वायुप्रदूषणावरचा १९७९ चा जिनिव्हा करार झाला. अमेरिकेने १९९० मध्ये वीजकेंद्रांच्या गंधकावर कमाल मर्यादा घातली, आणि १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातली गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली.

वहीची दुसरी बाजू: धूळ आणि अमोनिया

चुनखडीच्या जमिनीवरून उठलेली धूळ, सिमेंटची भुकटी, राख यांत कॅल्शियम कार्बोनेट किंवा तत्सम आम्लारी असतात. लिटरभर पाण्यात फक्त १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पडलं तर ते २० मायक्रोमोल आम्ल मारतं. ४.७ सामूच्या पावसात लिटरमागे आम्ल असतं ते एवढंच. चिमूटभरही नाही, तिचा एक कण, आणि आम्लवर्षेचा पुरावा नाहीसा. म्हणून कोरड्या, धुळकट प्रदेशांत भरपूर सल्फेट असूनही पाऊस ६ किंवा ७ च्या वर मोजला जातो.

दुसरा खेळाडू अमोनिया: गोठे, शेणखत, युरिया. तो थेंबात शिरून अमोनियम होतो आणि हायड्रोजन आयन गिळतो. शिल्लक सुधारते. या सुधारणेचं पुढे काय होतं ते शेवटी येईल.

पाणी गोळा करणं

इथेच बहुतेक मोजण्या वाया जातात. मीटर महाग असून उपयोग नाही, भांडं स्वच्छ हवं. नरसाळं आणि बाटली उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनची किंवा पॉलिप्रोपिलीनची घ्या. धातू नको. नव्या काचेतून अल्कली झिरपते म्हणून काचही टाळलेली बरी. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर असतं, त्यामुळे १ मिलिमीटर पावसाला ३१ मिलिलिटर पाणी जमतं. मोजणीला निदान ५० मिलिलिटर लागतात, म्हणजे २ मिलिमीटरची सर पुरते. मोठ्या पावसासाठी खाली २ लिटरची बाटली ठेवा.

धुताना साबण वापरू नका, त्याचा थर निघता निघत नाही आणि तो आम्लारीधर्मी असतो. आम्लाने धुणंही नको, राहिलेला एक थेंब आठवड्याभराचे आकडे बिघडवतो. ऊर्ध्वपातित किंवा निःक्षारित पाण्याने पाच-सहा वेळा खळबळून शेवटच्या पाण्याची विद्युत वाहकता बघा. ती दर सेंटिमीटरला २-३ मायक्रोसीमेन्सच्या खाली आली की भांडं स्वच्छ. विकत आणलेल्या ‘डिस्टिल्ड’ पाण्याचीच वाहकता १० निघाली तर ते पाणी बदला, भांडं घासत बसू नका. धुतलेल्या भागांना आतून बोट लावायचं नाही. घामातलं मीठ पुरेसं असतं.

जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान तेवढ्या अंतरावर नरसाळं असावं. दुप्पट अंतर असेल तर उत्तम. पानांवरून गळलेलं पाणी पावसाचं नव्हे, पानांचं रसायन सांगतं. जमिनीपासून तोंड १ ते दीड मीटर उंच ठेवा म्हणजे मातीचे शिंतोडे येत नाहीत. सिमेंटची गच्ची सोयीची वाटते, पण मघाचा १ मिलिग्रॅमचा हिशेब आठवा. गच्चीच वापरायची असेल तर नरसाळं कठड्याच्या वर आणि मधोमध लावा.

पाऊस सुरू होईपर्यंत नरसाळं झाकलेलं असायला हवं. उघडं राहिलं तर दोन सरींच्या मधली धूळ, परागकण आणि पाखरांची विष्ठा त्यात साचते, आणि मग मोजलं जातं ते पाऊस अधिक धूळ. संशोधन केंद्रांत यासाठी पावसाची ओल ओळखणाऱ्या संवेदकाने आपोआप सरकणारं झाकण असतं. हाताने करायचं तर पहिल्या थेंबांना झाकण काढा आणि सर थांबल्यावर लगेच लावा. रात्रीची सर हुकली तर हुकली, वहीत तशी नोंद करा. नमुन्यात विष्ठा किंवा मेलेला किडा दिसला तर नमुना सरळ ओतून द्या. गाळून वाचवायचा मोह होतो, पण अमोनिया गाळला जात नाही.

आठवड्यातून एकदा कोरी चाचणी घ्या: स्वच्छ नरसाळ्यातून १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी ओतून ते नमुन्यासारखंच मोजा. ५.५ ते ६ च्या दरम्यान आणि वाहकता ३ च्या आत असेल तर यंत्रणा ठीक. ६.५ आलं तर कुठेतरी धूळ किंवा साबण आहे आणि त्या आठवड्याचे आकडे संशयास्पद.

सर जोराची असेल तर एक प्रयोग करण्यासारखा आहे. पहिल्या मिलिमीटरचं पाणी एका बाटलीत, दुसऱ्याचं दुसरीत, असे चार-पाच नमुने वेगळे धरा. पहिल्या बाटलीची वाहकता सहसा सगळ्यात जास्त निघते, कारण पहिल्या सरी ढगाखालची हवा धुऊन काढतात. पुढच्या बाटल्यांत मुख्यतः ढगातच थेंबात शिरलेलं रसायन उरतं. सामू मात्र दोन्ही दिशांना जाऊ शकतो. हवेत धूळ असेल तर पहिली बाटली ६.५ आणि चौथी ५ असंही होतं, आणि ते बघून गोंधळायचं कारण नाही: धूळ आधी धुतली गेली, आम्ल ढगातून येतच राहिलं.

मीटर आणि त्याचे रुसवे

सामूची कागदी पट्टी पावसाला चालत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात की त्याला स्वतःचा सामू टिकवता येत नाही. पट्टीवरचा रंग स्वतःच सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतो, तो पाण्याला आपल्याकडे ओढतो. लाल कोबीचा रस आणि वैश्विक दर्शकाचे थेंब यांचीही तीच गत. प्रात्यक्षिकाला छान, मोजणीला निरुपयोगी.

०.०१ पर्यंत वाचणारा आणि दोन बिंदूंवर जुळवता येणारा मीटर घ्या. इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरची पाण्यात बुडवायची दांडी, कमी क्षारांच्या पाण्यासाठी बनवलेला मिळाला तर काम निम्मं होतं. तो कोरडा किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवू नका, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. आधी ६.८६ किंवा ७.०० च्या, मग ४.०१ च्या बफरने, म्हणजे ठराविक सामू टिकवून धरणाऱ्या द्रावणाने, जुळवणी करा. बफर आणि नमुना एकाच तापमानाला, शक्यतो २५ अंशांना, असू द्या. मीटरची स्वयंचलित तापमान दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडचा उतार (सामू एका अंकाने बदलल्यावर मिळणारा विद्युतदाब) सुधारते, नमुन्याचं रसायन नाही. उतार आदर्श मापाच्या ९५ टक्क्यांच्या खाली गेला असेल तर इलेक्ट्रोड साफ करा किंवा बदला.

आता सगळ्यात घातक पायरी. बफरमधून इलेक्ट्रोड काढून नमुन्यात बुडवताना त्याला चिकटलेला बफरचा एक थेंब सोबत गेला तर ५० मिलिलिटर पावसापुढे तो थेंब दादागिरी करतो. मीटर शांतपणे एक स्थिर आकडा दाखवतो, आणि तो पावसाचा नसतो. म्हणून इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा, टोक टिपकागदाने नुसतं टिपा, पुसू नका, मग नमुन्याच्याच थोड्या पाण्याने धुऊन ते पाणी फेका आणि उरलेल्या नमुन्यात मोजा. बुडवल्यावर एकदा हलकेच ढवळा आणि सोडून द्या. ढवळत राहिलं तर आकडा सरकतो. ‘रेडी’ची खूण दिसली तरी पाच ते दहा मिनिटं थांबा. आकडा फारच तरंगत असेल तर नमुन्याच्या वेगळ्या काढलेल्या १०० मिलिलिटर भागात ०.३ मिलिलिटर संतृप्त पोटॅशियम क्लोराइड घालून बघता येतं. पण वाहकता त्याच्या आधीच मोजायची, नंतर तिला अर्थ राहत नाही.

बफरवर पास झालेला मीटर पावसावर नापास होऊ शकतो, कारण बफर क्षारांनी घट्ट असतात आणि पाऊस जवळजवळ कोरं पाणी. त्यासाठी स्वतःचं कसोटीचं पाणी बनवा. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं १ मिलिलिटर पिपेटने घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने नेमकं १ लिटर करा. याचा सामू ४.०० आणि वाहकता साधारण ४२ मायक्रोसीमेन्स यायला हवी. मीटरने ३.९५ ते ४.०५ दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवा. ४.२ दाखवलं तर दोष इलेक्ट्रोडच्या संधीत, म्हणजे त्याच्या आतलं द्रावण नमुन्याला भेटतं त्या सांध्यात, आहे. पुन्हा बफरने जुळवून तो दोष जात नाही.

वाहकता हा पावसाचा दुसरा साक्षीदार. हायड्रोजन आयन इतर आयनांपेक्षा कितीतरी जास्त वीज वाहतो: सामू ४ असेल तर एकट्या हायड्रोजनमुळे २५ अंशांना ३५ मायक्रोसीमेन्स, ४.५ ला ११ आणि ५ ला साडेतीन. म्हणजे मीटर ४.० सांगतो आहे आणि वाहकता १२ आहे, तर सामूचा आकडा अशक्य आहे, वाद घालायचं कारण नाही. उलट सामू ६.५ आणि वाहकता ४० असेल तर दोन्ही खरे असू शकतात. त्या पाण्यात भरपूर काही विरघळलं आहे, फक्त आम्ल मारलं गेलं आहे.

मोजणी शक्यतो सर थांबल्यापासून काही तासांत उरका. जमत नसेल तर बाटली काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ४ अंशांना ठेवा. बाहेर ठेवलेल्या नमुन्यात सूक्ष्मजीव फॉर्मिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल खाऊन टाकतात, धुळीचे कण हळूहळू विरघळत राहतात, आणि दोन दिवसांनी तोच पाऊस बराच सौम्य होऊन बसतो.

सरासरी काढताना

सामूंची बेरीज करून भागाकार करू नये. एक उदाहरण: ५ मिलिमीटरची सर, सामू ४.२. नंतर ४० मिलिमीटरची, सामू ५.४. नुसती सरासरी ४.८ येते. आता नीट करू. ४.२ म्हणजे लिटरमागे ६३ मायक्रोमोल, ५.४ म्हणजे ४. पावसाच्या मापाने गुणून बेरीज केली तर ३१५ अधिक १६० म्हणजे ४७५, भागिले ४५ बरोबर १०.६ मायक्रोमोल, म्हणजे सामू ४.९८. याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर १ लिटर, त्यामुळे ३१५ आणि १६० हे थेट जमिनीच्या वाट्याला आलेलं आम्ल आहे. आठपट लहान सरीने दुप्पट आम्ल टाकलं. जमिनीला आणि तळ्याला मतलब असतो तो या भाराशी.

नोंदवहीत म्हणून सामूबरोबर पावसाचं माप, वाहकता, सर सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि मागची सर किती दिवसांपूर्वी झाली हे लिहा. प्रयोगशाळेत पाणी पाठवणं शक्य असेल तर सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड, अमोनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम मोजून घ्या. धन आणि ऋण आयनांची बेरीज जवळपास जुळायला हवी. समुद्राजवळ सल्फेटचा काही भाग मिठासोबत आलेला असतो, तो सोडियमच्या मापावरून वजा करा. हे आकडे हाती आल्यावरच वहीची पानं उघडतात: सल्फेट आणि नायट्रेट म्हणजे जमा आम्ल, कॅल्शियम आणि अमोनियम म्हणजे ते मारणारे.

बशीतली आम्लवर्षा

वर्गात दाखवायला झाकणाची पेट्री बशी पुरते. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा दर्शक घ्या. तो ५.४ च्या वर निळा आणि ३.८ च्या खाली पिवळा असतो. बशीत चार ठिकाणी थेंब ठेवा: ऊर्ध्वपातित पाण्याचा, नळाच्या पाण्याचा, अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड टाकलेल्या पाण्याचा, आणि चौथा पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्याचा. प्रत्येकात दर्शकाचा छोटा थेंब. मधोमध साखरेच्या चार-पाच दाण्यांएवढंच सोडियम मेटाबायसल्फाइट ठेवून त्यावर सौम्य आम्लाचा एक थेंब टाका आणि ताबडतोब झाकण लावा. वायू सुटतो, ऊर्ध्वपातित पाण्याचे थेंब आधी पिवळे पडतात, नळाचं पाणी त्यातल्या बायकार्बोनेटच्या जोरावर उशिरा, आणि कवचाचा थेंब सर्वात जास्त तग धरतो. फळ्यावरचा खडू इथे वापरू नका. तो बऱ्याचदा जिप्समचा, म्हणजे आधीच कॅल्शियम सल्फेट झालेला असतो आणि आम्ल मारत नाही.

सल्फर डायऑक्साइड दम्याच्या रुग्णाला फार थोड्या प्रमाणातही त्रास देतो. बशी खिडकीजवळ ठेवा, झाकण बाहेर नेऊन उघडा, दाणे वाढवू नका आणि दमा असलेल्या विद्यार्थ्याला लांब बसवा. ढगातलं ऑक्सिडीकरण दाखवायचं तर उघडल्यावर चौथ्या थेंबात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा अगदी बारीक थेंब टाकून दुसऱ्या पिवळ्या थेंबाशी तुलना करा. थोड्या वेळाने साध्या थेंबातला वायू उडून जातो आणि तो हिरव्याकडे परतू लागतो. पेरॉक्साइडवाला पिवळाच राहतो, कारण सल्फ्युरिक आम्ल उडत नाही. बाटलीतला पेरॉक्साइड टिकावा म्हणून त्यात बहुधा थोडं आम्ल घातलेलं असतं, तेव्हा त्याचा एक थेंब दर्शकाबरोबर बाजूला वेगळा ठेवून त्याचा स्वतःचा रंगही बघून घ्या.

आकडा जमिनीवर उतरल्यावर

४.२ सामूच्या पावसाने अंग भाजत नाही. लिंबाचा रस त्याहून शंभरपटीने आम्लधर्मी असतो. त्रास होतो तो संथ आणि दुसरीकडे. चुनखडी आणि संगमरवर झिजतात, त्यांच्या पृष्ठभागाचं जिप्सम होऊन ते काजळी धरतं. ग्रॅनाइटच्या पातळ मातीत मारणारं आम्लारी नसतं, तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुपून जातात, आणि पाण्याचा सामू ५.५ च्या खाली जाऊ लागला की मातीतला अ‍ॅल्युमिनियम सुटा होऊन ओढ्यात येतो. माशांच्या कल्ल्यांना मारतो तो बऱ्याचदा हा अ‍ॅल्युमिनियम. चुनखडीच्या खोऱ्यातल्या तळ्याला मात्र तोच पाऊस वर्षानुवर्षं पडूनही फारसं काही होत नाही. म्हणून पाऊस मोजताना शेजारच्या विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पेलण्याची ताकद, एकदा तपासून ठेवा. सामू घसरण्याच्या कितीतरी आधी ती घटू लागते.

आणि अमोनियाने सुधारलेला पाऊस. ६.३ सामूचं पाणी मातीत मुरलं की तिथले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, आणि प्रत्येक अमोनियमामागे दोन हायड्रोजन आयन सुटतात. हवेत एक गिळला होता, मातीत दोन परत केले. मीटरने सौम्य ठरवलेला पाऊस जमीन आंबट करून जातो, आणि हे नरसाळ्याखालच्या बाटलीत कधीच दिसत नाही. त्यासाठी अमोनियमच मोजावा लागतो.